नवाने भाग जाणारी चूक

लढाईच्या दिवसांत लोणावळ्यात रॉकेल मिळेना, म्हणून भातगिरणीची वही मी उजेड असेतो घराच्या ओटीवर बसून लिहायचो. बायको दिवसभराच्या चिठ्ठ्या वाचायची आणि मी आकडे मांडायचो. बेरीज जुळली नाही की मी आधी फरकाला नवाने भागून बघायचो. पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेले असायचे.

एकदा कार्ल्याहून आलेली भाताची त्रेसष्ट पोती मी छत्तीस लिहिली. फरक आला सत्तावीस. मी तिच्यावरच डाफरलो, "नीट वाचत जा."

ती म्हणाली, "मी नीटच वाचते. तुम्ही 'त्रे' ऐकलं की तीन मांडून मोकळे होता. साठ कानावर पडेपर्यंत थांबता कुठे?"

खरंच होतं ते. कुणाचं पुरतं ऐकून घेणं माझ्या स्वभावातच नव्हतं. आकडे पुढेही उलटे पडत राहिले, आणि दर वेळी ती तीच चिठ्ठी पुन्हा वाचायची, मुद्दाम सावकाश.

आता ती नाही. गिरणीची वही अजून माझ्याकडेच आहे, चिठ्ठ्या मी स्वतःच बघून उतरवतो. चुका अजूनही होतात. सवयीने फरकाला नवाने भागतो, पण बाकी उरते.