भिंगरीचा डावा कान

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. धबधब्याच्या खालच्या अंगाला नदी एका खडकावर आपटून जागच्या जागी उभी राहायची. त्या लाटेवर ही बया आपली आखूड कयाक घेऊन चढायची आणि बोटीसकट अशा कोलांट्या मारायची की काठावरच्यांच्या छातीत धस्स व्हायचं. पोटापाण्यासाठी ती बोटी दुरुस्त करायच्या शेडमध्ये होती. तडकलेलं प्लास्टिक तापवून जोडायचं, खरवडून गुळगुळीत करायचं. बोटांना कायम जळका वास.

थोरला भाऊ बस चालवायचा. सुट्टी आली की, ती बुडू लागली तर फेकायला, दोराची पिशवी घेऊन खडकावर ठाण मांडायचा. तीसेक कोलांट्या झाल्या की ओरडायचा, "ए, नदीला तरी दम खाऊ दे!"

गेल्या वर्षी त्याच दादाने धबधब्याकडे बोट केलं. "खाली एवढा तमाशा करतेस. तो एकदा उतरून दाखव की. का टरकलीस?"

थट्टाच होती. पण भिंगरी चढली वर.

तीन मजले उंचीवरून ती बोटीसकट खाली आली ती आडवी. डाव्या कानावर पाण्याची अशी थप्पड बसली की क्षणभर जग बंद पडलं. काठाला लागली तेव्हा ती हसत होती, आणि मानेवरून रक्त ओघळत होतं.

"पडदा भरून येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तोल सांभाळणारा आतला भाग गेलाय. तो परत येत नाही."

त्यानंतर भिंगरी भिंत धरून चालू लागली. शेडमधली फरशी मधेच कलायची. डोळे मिटले की कुठे उभी आहे तेच कळायचं नाही. तरी सहा महिन्यांनी तिने पुन्हा लाटेवर जायचा हट्ट धरला. दादाला नाही म्हणवेना.

पहिली कोलांटी बसली. दुसरीत ती पाण्याखाली गेली आणि वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. चहूकडे नुसता पांढरा फेस. सरळ व्हायला तिने वल्हं मारलं, ते तळाच्या दगडावर खणकलं. पुन्हा मारलं, पुन्हा दगड. शेवटी बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती बसवलेलं रबरी झाकण ओढून ती बोटीबाहेर निसटली. दादाचा पहिला दोर हुकला. दुसरा हाती लागला.

खडकावर ती ओणवी होऊन ओकत राहिली. दादा तिची पाठ चोळत होता.

"मी त्या दिवशी बोललो नसतो तर..." तो म्हणाला.

"नाही रे दादा," एवढंच म्हणायला हवं होतं. भिंगरी गप्प राहिली. कारण गेले सहा महिने तिच्याही मनात तेच होतं, आणि तिच्या गप्प राहण्यातून ते त्याला कळलं.

तिने कयाक विकून टाकली. दादा नदीवर जाईनासा झाला, मग तिच्या घरीही येईनासा झाला.

परवा वहिनी शेडवर आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "जेवणावर वासना नाही हो त्यांची. एकदा भेटून सांगा ना, तुझी चूक नव्हती म्हणून."

"सांगेन," भिंगरी म्हणाली.

वहिनी गेली. मशीन तापलं होतं. भिंगरीने भिंतीला पाठ टेकली आणि पुढची बोट ओढली. आपण सांगणार नाही, हे तिला माहीत होतं.