अजून उतरंल

स्वस्ताईला कुणी नावं ठेवत नाही. मीही कधी ठेवली नव्हती. उमापूरच्या बाजारपेठेत माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. गाळ्याचं भाडं सोडलं तर बाकी सगळ्याचे भाव काही वर्षांपासून उतरतच आहेत. समोर एकीनं पार्लर काढलं आणि भुवयांचा दर माझ्यापेक्षा कमी लावला. मीही कमी केला. मग स्टँडजवळ तिसरीनं काढलं, तिनं आम्हा दोघींवर कडी केली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी आणखी खाली आले.

तोवर गिऱ्हाइकं शहाणी झाली होती. नवरीच्या मेकअपची चौकशी करायला बाया यायच्या, दर ऐकायच्या आणि उठायच्या. "ऱ्हाऊ द्या ताई, थांबताव जरा. अजून उतरंल." आणि खरंच उतरायचं. त्यांना तरी काय बोलू? माझा फ्रिज बंद पडला तेव्हा मीसुद्धा दुकानदाराला हेच सांगून परत आले होते. पाणी माठातलं पीत होते आणि सूट निघायची वाट बघत होते.

दुसऱ्या खुर्चीवर माझी मदतनीस काम करायची. माझ्याकडं येण्याआधी ती दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. आमच्या भागात तोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. गडी एकटाच निघाला तर तो अर्धा कोयता. ही माझ्याकडं दोऱ्यानं भुवया कोरायला शिकली, गावातच राहिली आणि तिचा नवरा टोळीत अर्धा कोयता झाला. लोक त्याला हसायचे, तो ऐकून घ्यायचा. तिचं एकच म्हणणं होतं, "ताई, काय बी करीन, पर पुन्यांदा कोयता धरनार न्हाई."

दर उतरले तसा तिचा पगारही उतरला. आधी थोडा, मग आणखी थोडा. ती मिळेल तेवढा घेऊन जायची. तिनं भांडावं असं मला वाटायचं, म्हणजे मलाही कुणाशी तरी भांडता आलं असतं.

घरी आमचे हे. शाळेत शिकवतात आणि मधल्या सुट्टीत मोबाईलवर शेअर बघतात. त्यांचे शेअर हॉटेलांचे, बँकांचे, असल्याच सेवा विकणाऱ्या कंपन्यांचे. तेही घसरले होते. जेवताना मला समजावून सांगायचे, "भाव उतरायला लागले की लोक थांबतात. लोक थांबले की कंपनीचा नफा जातो, मग शेअर पडतो, मग कंपनी माणसं कमी करते. ती घरी बसलेली माणसं आणखी थांबतात."

"हे कळायला मोबाईल कशाला लागतो," मी म्हटलं. "गाळ्यावर येऊन बसा दिवसभर."

दसऱ्याच्या सुमाराला मी त्यांना म्हटलं, थोडे शेअर विका, लग्नसराई लागेपर्यंत तिचा पगार निघेल. ते एकदम घरच्या बोलीवर आले. "पडत्या भावात कुनी इकतं का? आबांनी कधी कापूस इकला व्हता?"

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी सगळी हयात पुढच्या खोलीत कापूस भरून भावाची वाट बघण्यात काढली. अंगाला खाज सुटायची, उंदीर व्हायचे, पण कापूस हलायचा नाही. एखाद्या वर्षी भाव यायचाही, आणि पुढं दहा वर्षं त्याचीच गोष्ट सांगितली जायची. आता पोरगा शेअरचा कापूस करून बसला होता. कापूस निदान पडून तरी राहतो. रिकामी गेलेली खुर्ची, वाया गेलेली दुपार, ती कोणत्या खोलीत भरून ठेवायची? राग आला होता, पण राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं.

दिवाळी तोंडावर आली आणि मुकादम वस्तीवर येऊन गेला. दुसऱ्या दिवशी माझी मदतनीस खुर्ची पुसता पुसता म्हणाली, "औंदा आमचा पुरा कोयता लिवलाय, ताई."

कावून, कशासाठी, असं तोंडावर आलं होतं. पण विचारलं तर तिला खरं सांगावं लागलं असतं, आणि ते मला ठाऊकच होतं. मी दोऱ्याची रिळं उगाच इकडची तिकडं केली.

जायच्या आदल्या दिवशी ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत येऊन बसली. "माज्या भुवया करा. तिकडं आरसा न्हाई, पर जाताना तरी नीट जाते." मी केल्या. इतक्या मन लावून मी कुठल्या नवरीच्याही केल्या नसतील. दोन वेळा दोरा तुटला. ती डोळे मिटून होती.

उठली आणि तिनं पैसे आरशापुढं ठेवले. ती पहिल्यांदा कामाला आली तेव्हा पाटीवर जो दर होता, तो.

"तुझ्याकडून पैसे घेऊ का मी? आणि आता एवढा दर कुठं राहिलाय?"

"फुकट नगं अन् आजचा बी नगं," ती म्हणाली. "कमी कमी करतच आपुन दोघी हितवर आलाव."

मी पैसे घेतले. त्या दिवाळीत पुरा दर देणारं गिऱ्हाईक तेवढं एकच आलं.