प्राध्यापकांना शिकवणाऱ्या बाई

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे, जिन्याखालच्या दोन खोल्यांत, प्राध्यापकांचा प्रशिक्षण कक्ष आहे. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे कौतुकाने मास्तरांची मास्तरीण म्हणतात. बाईंना ही नोकरी लागली तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी सरळ विचारले होते, "अगं, एवढी शिकलेली माणसं, त्यांना तू आणखी काय शिकवणार?"

"आई, विषय त्यांना येतो. माणसं कशी सांभाळायची, ते कुणी शिकवलेलं नसतं."

"असं होय? मग तुझ्या सासऱ्यांचंही नाव घाल त्यात!"

नवे प्राध्यापक आले की बाई त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि नंतर एकांतात चार गोष्टी सांगतात. कोणी विभागप्रमुख झाला की त्यास विभाग चालवण्यात साह्य करतात. हे दुसरे काम अधिक अवघड आहे, कारण आपणास साह्य हवे आहे हे विभागप्रमुखास सहसा मान्य नसते.

या वर्षी भूगर्भशास्त्राचे प्रमुखपद ज्यांच्याकडे आले, ते बाईंचेच जुने सर होते. बाईंनी त्यांच्याच हाताखाली दगड ओळखण्याची विद्या घेतली होती. सर विद्वान होते, प्रेमळ होते; मात्र एकदा बोलू लागले की त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. त्यांच्या कारभाराचे एक सत्र उलटते न उलटते तोच विभागातील धाकट्या प्राध्यापिकेने दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी अर्ज दिला. पहिल्या वर्षाची मुले तिच्याच तासाला धावत येत. ती गेल्यास विभागाचा कणा मोडेल, हे सर्वांस कळत होते. कुलगुरूंनी अर्ज थोडे दिवस राखून ठेवला आणि बाईंना सांगितले, "बघा, तुम्हाला काही जमतं का."

बाईंनी धाकटीस कारण विचारले. ती म्हणाली, "मॅडम, सरांबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथे मी प्राध्यापिका आहे की विद्यार्थिनी, हेच मला कळेनासं झालंय."

पुढच्या सभेस बाई स्वतः जाऊन बसल्या. सरांनी विचारले, "पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांबद्दल कुणाला काही सुचवायचंय?" धाकटीने तोंड उघडले. तेवढ्यात सर म्हणाले, "मला वाटतं..." आणि सगळ्यांचा चहा थंड होईपर्यंत त्यांना वाटतच राहिले.

बाईंची झोप उडाली. ज्यांनी आपणास घडवले, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगावे? अखेरीस मनाचा हिय्या करून त्या सरांच्या घरी गेल्या.

"सर, एक बोलायचं होतं. रागावू नका हं."

"अगं, मी तुझ्यावर कधी रागावलोय? एकदाच, त्या डोंगरावरच्या सहलीत..." आणि सरांनी सहलीची गोष्ट आरंभली. ती डोंगर चढून पुन्हा खाली उतरेपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "सर, हेच बोलायचं होतं."

"हेच म्हणजे?"

"तुम्ही कुणाला बोलू देत नाही. म्हणून ती निघालीय."

सरांचा चेहरा उतरला. आतून काकूंचा आवाज आला, "जन्मभर दगडांना शिकवलं हो त्यांनी! दगड मधे बोलत नाहीत ना, मग सवय कुठून असणार?"

सरांना हसू आले. तथापि ते लवकरच विरले. "पोरी, मला गप्प बसवत नाही. करू तरी काय?"

"नुसतं गप्प बसू नका. पुढच्या सभेचं टिपण कारकुनाऐवजी तुम्ही लिहा. ज्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत."

सभा भरली. सर मान खाली घालून लिहू लागले. त्यांचे अक्षर घोटीव, त्यामुळे वेग बेताचा होता. "सावकाश, मॅडम. पुन्हा सांगा, मला नीट लिहू द्या." धाकटी आरंभी चाचरली. परंतु पुन्हा सांगताना तिचे म्हणणे तिलाच अधिक उमगत गेले, तसा तिचा आवाजही मोकळा झाला. शेवटी ती म्हणाली, "काचेच्या कपाटांची कुलपं काढू या. दगडांचे नमुने मुलांच्या हातात देऊ या."

सरांची लेखणी थांबली. ते नमुने त्यांनी स्वतः रानोमाळ हिंडून गोळा केले होते आणि शिपायासही त्यांना हात लावू दिला नव्हता. त्यांचे ओठ हलले.

"फुटले तर?" सरांनी एवढेच विचारले.

"एखादा फुटेल, सर. पण फुटला की आतला ताजा दगड दिसेल. बाहेरून त्याच्यावर नुसता काळ बसलेला असतो."

सरांनी तिच्याकडे प्रथमच पाहिल्यासारखे पाहिले. "हे वाक्य पुन्हा सांगा," ते हळूच म्हणाले. "जसंच्या तसं हवंय मला."

सभा संपली तेव्हा कारकून बाईंजवळ कुरकुरत होता, "मॅडम, माझं काम काढून घेतलंत की!" धाकटी मात्र जागची हलली नव्हती. ती बाईंना म्हणाली, "अर्ज मागे घेता येतो ना? कपाटं उघडायची, तर ती उघडायला मी इथे नको का?"

"येतो की. आजच्या आज येतो."

"थांबा, थांबा," सर उत्साहाने उठले. "अर्ज मागे घेण्याची रीतसर पद्धत मी समजावतो. त्याचं असं आहे..."

त्या दिवशी त्यांना कोणीही थांबवले नाही.