‘तपासले, बरोबर आहे’

नोकरीत माझ्या हाती एकच हत्यार होतं, लाकडी मुठीचा रबरी शिक्का. त्यावर लिहिलेलं होतं, ‘तपासले, बरोबर आहे’. तो शिक्का मी आयुष्यात एकदाच खोटा मारला. कोणी मारायला लावला, ते आजही मला नावानिशी ठाऊक आहे. नावं लिहीत नाही, कारण त्या माणसांवर शाई खर्च करायची माझी इच्छा नाही.

भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयात तलावांच्या पाण्याच्या याद्या तयार होत. पाऊस परतला की भारी धानाला, म्हणजे उशिरा कापणीला येणाऱ्या धानाला, तलावाच्या पाण्याची एखाददुसरी पाळी द्यावी लागते. कोणाच्या बांदीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, कोणत्या दिवशी किती तास पाणी जाईल, ते ठरवणारी यादी म्हणजे शेजपाळी. यादी दुसरा कारकून लिहायचा, तपासायचो मी.

सत्तरच्या दशकात तपासणं म्हणजे खुर्चीत बसून कागदावर खुणा करणं नव्हतं. कच्ची यादी पिशवीत घालून मी एसटीनं गावात जायचो. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासोबत तलावापासून नहरीच्या, म्हणजे पाटाच्या, टोकापर्यंत, अगदी शेवटच्या बांदीपर्यंत पायी फिरायचो. मग तलावाच्या बांधावर गाव जमायचं आणि मी यादी मोठ्यानं वाचायचो. वाचन सुरू व्हायचं ते नहरीच्या शेवटच्या टोकापासून. रिवाजच तसा होता. शेवटच्याला पहिलं पाणी, मग त्याच्या वरच्या शेजाऱ्याला, असं करत करत तलावाशी लागून असलेल्याला सगळ्यांत शेवटी. नहर एकदा टोकापर्यंत भिजली की पाणी वाया जात नाही, आणि वरच्यानं मध्येच पाणी फोडलं तर खालच्याला लगेच कळतं. हे कोणत्या साहेबानं शिकवलेलं नव्हतं. गावानं कित्येक पिढ्या भांडून भांडून ते शोधून काढलं होतं.

वाचता वाचता कोणीतरी ओरडायचं, “त्या बांदीत यंदा हलका धान होता जी, कापून झाला. त्याले पाणी कायले देता?” मी तिथंच खोडायचो. गावानं मान डोलावल्याशिवाय शिक्का पिशवीतून बाहेर निघत नसे. एकदा लाखांदूरकडच्या एका गावाची यादी मी आठवडाभर अडवून धरली होती. साहेब चिडले, पण थांबले. तपासणारा थांब म्हणाला की थांबायचं, एवढी लाज तेव्हा कार्यालयात शिल्लक होती.

मग ऐंशीच्या दशकात कार्यालयात संगणक आला. त्याच्यासाठी कौलारू इमारतीतली एक खोली रंगवली, तिला एसी बसवला आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. आम्ही घामानं निथळत होतो आणि यंत्र थंड हवा खात होतं. प्रोग्राम लिहायला नागपूरहून एक तरुण आला. हुशार होता, ते मी नाकारत नाही. पण त्यानं धान फक्त ताटात पाहिला होता. मी पहिल्याच आठवड्यात त्याला म्हटलं, “मला शेजारी बसू द्या. यादी कशी होते ते मी सांगतो, तुम्ही यंत्राला सांगा.” तो हसून म्हणाला, “काका, तुमचं काम शेवटी आहे. सगळं बनून झालं की बोलावतो, तेव्हा चेक करा.”

शेवटी! घर बांधून झाल्यावर पाया तपासायला बोलावण्यातली गत. हल्ली संगणकाच्या कंपन्यांत म्हणे तपासणारा माणूस पहिल्या दिवसापासून बनवणाऱ्यांच्या सोबत बसतो, वापरणाऱ्यांना जाऊन भेटतो, आणि हा मोठा नवा विचार म्हणून भाषणांत सांगतात. ऐकून माझं डोकं फिरतं. नवा कसला? आमच्या हातातून काढून घेतलेली गोष्ट आम्हालाच नवी म्हणून दाखवताहेत.

त्यानं मला बोलावलं ते थेट दिवाळीच्या तोंडावर. यंत्रातून निघालेली पहिली यादी कोंढ्याची होती. कोंढा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं सासर. तिच्या तीन बांद्या नहरीच्या अगदी टोकाला होत्या, तिन्हींत भारी धान. त्या साली पाऊस लवकर गेला होता, तलाव अर्ध्यावर होता. पाण्याची एकच पाळी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती चुकली तर निसवलेला, लोंबीवर आलेला धान पोचट होणार आणि तिच्या घरात वर्षभराचा तांदूळ येणार नाही, एवढा तो साधा मामला होता.

मी यादीवरून बोट फिरवलं आणि तिसऱ्याच ओळीवर थांबलो. प्रोग्रामनं पाळी लावली होती गट नंबरानं. एक, दोन, तीन, चार. गट नंबर कागदावर शेजारी असतात, नहरीवर नसतात. पहिल्या दिवशी तलावाजवळची बांदी, दुसऱ्या दिवशी टोकाची, तिसऱ्या दिवशी मधली. रोज कोरड्या नहरीला पाणी पाजण्यातच निम्मी पाळी जाणार होती. मी त्या तरुणाला सांगितलं. तो म्हणाला, “फॉर्ममध्ये जे आलं ते सगळं छापलंय ना? नाव, नंबर, तास? एक तरी आकडा चुकलाय का?” आकडा एकही चुकला नव्हता. “मग बरोबर आहे. क्रम ठरवणं तुमचं काम नाही.”

मी साहेबांकडे गेलो. साहेबांच्या टेबलावर उद्घाटनाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. यादी पाहुण्यांच्या हस्ते गावाला द्यायची होती. मी दोन दिवस अडून बसलो. म्हटलं, निदान कोंढ्याला जाऊन वाचून दाखवतो. ते म्हणाले, “आता गावात जायची गरज नाही. यंत्र चुकत नसतं. तुम्ही शिक्का मारा, नाहीतर शिक्का मारणारा दुसरा आणतो, आणि तुम्ही जंगलातल्या एखाद्या कार्यालयात जा.” माझी मुलं तेव्हा भंडाऱ्याच्या शाळेत शिकत होती. मी शिक्का मारला. माझा राग त्या दोघांवर आहे तसा या हातावरही आहे, तो काही कमी नाही.

बहिणीला निरोप का नाही धाडला, असं मला पुढे बायकोनं विचारलं. खरं सांगायचं तर मी मनाची समजूत घातली होती. यादीतली नावं इंग्रजीत, आकडे इंग्रजीत. कोंढ्याची माणसं तो कागद बाजूला ठेवतील आणि नेहमीसारखं टोकापासून पाणी घेतील, असं मी धरून चाललो. गाव माझ्यापेक्षा शहाणं आहे, एवढ्या भरवशावर मी स्वस्थ झोपलो.

महिनाभरानं तक्रार आली. नहरीच्या टोकाला पाणी पोचलंच नव्हतं, तलाव आटला, धान वाळला. चौकशी झाली. तरुण म्हणाला, प्रोग्राममध्ये दोष नाही, मागितलं ते त्यानं छापलं. साहेब म्हणाले, संगणकाचा काय दोष? मग वरून आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, “तपासणी कोणी केली?” माझ्याकडे पाहायला दोघांनाही जराही वेळ लागला नाही. बनवताना मी कोणी नव्हतो, बुडताना मात्र मी एकटाच जबाबदार! पुढे तपासणीसाठी एक छापील तक्ता आला. नाव जुळले का, नंबर जुळला का, तास जुळले का. पाणी पोचेल का, असा रकाना त्यात नव्हता. मी तसा रकाना हातानं आखला, तर तक्ता खराब केला म्हणून मला समज देण्यात आली.

चौकशी झाली त्याच आठवड्यात मी कोंढ्याला गेलो. बहीण शिव्या देईल, दाराशीच उभं करील, अशी तयारी करून गेलो होतो, आणि खरं म्हणजे मला तेच हवं होतं. तिच्या बांदीत उभा राहून मी एक लोंबी चोळली. हातात नुसता भुसा आला. भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, बांधावर बसून होते. ते म्हणाले, “लोकं तर म्हणून राहिले होते, यादी उलटी आहे, आपण आपल्या रिवाजानं पाणी घेऊ. सारे तयार होते. हिनंच आडवलं.”

मी बहिणीकडे पाहिलं. त्या अख्ख्या कागदावर मराठीत असं एकच होतं, माझा शिक्का. तेवढं तिला वाचता आलं होतं.

“मीच म्हटलं सगळ्याइले,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “माह्या भावाचा शिक्का आहे, तो गावात येऊन नहर फिरल्याबिगर शिक्का मारत नाही. उलटी दिसते तं काही कारण असंन. मले वाटलं, तू येऊन गेला असशीन. घाईत असशीन, म्हणून घरी नाही आला.”