माहेरची भाडेकरू

महाडच्या कारखान्यात मी बरीच वर्षं सांडपाण्याचे नमुने तपासत होते. एक दिवस साहेबांनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून तुम्ही नोकर नाही, व्यावसायिक. काम तेच, टेबल तेच, फक्त पगाराऐवजी बिल द्यायचं. तेवढा महिनाअखेरपर्यंत जीएसटी नंबर काढा." बढती दिल्यासारखा चेहरा होता त्यांचा. त्यांच्या चहात नमुन्याची बाटली ओतावीशी वाटली मला.

करसल्लागार भला माणूस. म्हणाले, "एवढ्या कमाईला कायद्यानं नंबर लागत नाही. पण कंपनीच मागतेय तर काढा. धंद्याची जागा कुठली?" मी पोलादपूरचं घर सांगितलं. नवरा गेल्यापासून मी मुलीला घेऊन तिथं आईजवळच राहते.

"घरपट्टी कोणाच्या नावावर?"

दादाच्या. बाबा गेल्यावर ती त्याच्या नावावर झाली, आणि ते कोणालाच, अगदी मलाही, वावगं वाटलं नव्हतं.

"मग भावाचं संमतीपत्र आणा. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं! डोंबिवलीहून दादा आधी फोनवर हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. "अगं, इथे एकाला विचारलं. तो म्हणतो, संमतीबिमती देऊ नको, पुढे भानगड होते. त्यापेक्षा अकरा महिन्यांचा भाडेकरार करू. तुझंही काम होईल."

"ज्या घरात जन्मले त्याची भाडेकरू?"

"कागदोपत्री गं!"

असा संताप आला. हिश्श्याचं नाव मी कधी काढलं नव्हतं, आणि हा आधीच कुंपण घालून बसला. पण महिनाअखेर तोंडावर आली होती, नंबर नाही तर काम नाही, आणि मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. आपलेच दात नि आपलेच ओठ. बरं म्हटलं.

रविवारी दादा स्टॅम्पपेपर टाइप करूनच आला. आईनं त्याच्यासाठी घावन घातले होते. मी करार वाचला. मालक तो, भाडेकरू मी. मुदत संपताच जागा विनातक्रार रिकामी करून देईन, असं माझ्या तोंडी घातलं होतं. मी सही केली. साक्षीदार म्हणून आईची हवी होती.

आईनं पेन हातात घेतलं. "ह्ये काय हाय गो?"

"ही इथे भाड्यानं राहते असं लिहिलंय, आई. अकरा महिने. नावापुरतं," दादाच म्हणाला.

"आन् मंग?"

"मग परत करायचा."

"तवा मी नसले तर?"

दादानं घावनाचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो काहीतरी बोलेल, असं मला खरंच वाटलं होतं. आई पेन धरून तशीच बसली होती. शेवटी मीच म्हटलं, "कर गं आई सही."