कंडेन्सरमध्ये राहिलेला करंट

कळमनुरीत टीव्ही दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. डब्याचे टीव्ही भंगारात गेले, दुकान बंद झालं, पण हाताला चैन पडेना. म्हणून विजेच्या लहरी दाखवणाऱ्या जुन्या ऑसिलोस्कोपची काचेची नळी आणून मी घड्याळ करायला घेतलं. तिच्या पडद्यावर हिरव्या उजेडाचे काटे फिरणार होते. सर्किट सगळं माझ्या डोक्यातलं. नळीला दीड हजार व्होल्ट लागतात, त्यासाठी दोन मोठे कंडेन्सर लावले. बंद केल्यावरही त्यांच्यात जीव घेण्याइतका करंट उरतो, तो जिरवायला एक रेझिस्टन्स लागतो. तो नांदेडहून यायचा होता. मला कुठला धीर निघतो, तो न लावताच चालू केलं. काटे दिसले तेव्हा असला खूश झालो, काय सांगू.

दुपारी लाईट गेली. मी हात धुवायला अंगणात गेलो. परत येऊन पाहतो, तर बायको ओलं फडकं घेऊन, घड्याळाचं उघडं सर्किट मांडलेलं टेबल पुसून राहिली होती. लाईट गेली की वायरीत हात घालायला आमच्याकडं कुणी भीत नाही. बटण बंद करायची तकलीफ कोण घेतो?

ओरडलो तर ती दचकणार, आणि हात नेमका तिथंच पडणार. मी साध्या आवाजात म्हणालो, "अगं, जरा इकडं ये."

"थांबा की. किती धूळ बसली."

फडकं कंडेन्सरपासून चार बोटांवर आलं. मग दोन. जन्मात इतका भ्यालो नव्हतो.

"छातीत कळ येऊन राहिली," मी म्हणालो.

फडकं खाली टाकून ती धावली. तिला खाटेवर बसवलं आणि लांब दांड्याचा पेचकस कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना लावला. फाडकन् ठिणगी उडाली, पेचकसाचं टोक वितळलं. ती पांढरीफटक पडली. मग मी तिला खरं काय ते सांगितलं, आणि वर झापलंही, की न विचारता हात कशाला लावतेस.

तिनं पेचकसाचं वितळलेलं टोक निरखून पाहिलं.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "लाईट गेली की तुमीच तर घरातल्या बोर्डात हात घालता. तुमालाच पाहून शिकले मी."

माझा राग जागच्या जागी विरला. मी तिचा हात हातात घेतला, आणि मग उठून आधी घड्याळाचं बटण बंद केलं.