कंसातली अकरा वचने

तुळसामावशी सलग दोन रविवार उपासनेला आली नाही, हे मोना पाटोळेला पुण्यातल्या वसतिगृहाच्या जिन्यात, फोनवर कळले. सांगणारे धोंडीबातात्या हे भवानीनगरजवळच्या, मोनाच्या गावच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले ज्येष्ठ. पाळक, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच येत असल्याने बाकीच्या रविवारांचा कारभार त्यांच्याकडेच असे.

“मग सतरंज्या कोण अंथरतंय?” मोनाने विचारले. ते काम गेली पन्नास वर्षे मावशीचे होते.

“मीच. वाकलो की उठता येत न्हाय. ते ऱ्हाऊ दे. तू तिला मोठ्या अक्षराचं बायबल दिलंवतंस न्हवं? ते फडक्यात बांधून तिनं माझ्याकडं आनून टाकलंय. म्हनती, मोनीला माघारी द्या. काय घालून ठिवलंयस गं त्यात?”

उत्तर मोनाला ठाऊक होते. ती पायरीवर बसली.

तुळसामावशीला वाचता येत ती फक्त अकरा वचने. चाळिशी उलटल्यावर रविवारच्या शाळेत मुलांच्या मागे बसून ती अक्षरे शिकली, पण शिकली ती एकाच मजकुरावर: योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय, आरंभीची अकरा वचने. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला लोक येशूपुढे आणतात. दगड मारायची तयारी झालेली असते. तो म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला मारावा. आणि एकेक जण निघून जातो, आधी म्हातारे. त्यापुढचे पान मावशीने कधी उलटले नाही. दर वर्षी हंगामाच्या सणाला ती उभी राहून साक्ष देई, आणि ती साक्ष मंडळीला तोंडपाठ होती. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडण्याच्या कामावर, विधवा तुळसाला दिवस गेल्याचे उघड झाले. सासरच्या भावकीतली माणसे दगड घेऊन धावली. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मधे येऊन हीच वचने वाचली. आणि एकेकाने हातातला दगड खाली टाकला, आधी म्हाताऱ्यांनी. मोनाने हे आईच्या मांडीवर बसून ऐकले होते. बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीच्या प्रवेशाच्या मुलाखतीत ‘धर्मशास्त्रच का?’ असे विचारले गेले, तेव्हा तिने हीच हकिकत सांगितली होती.

मावशीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मोनाने तिला नव्या भाषांतराचे, ठळक टाइपातले बायबल आणून दिले. त्यात ही वचने चौकोनी कंसात होती, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप होती: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा मजकूर आढळत नाही. मोनाला हे नुसते ठाऊकच नव्हते. तिचा तिसऱ्या वर्षाचा निबंध याच विषयावर होता. कोणत्या प्रतीत मजकूर आहे, कोणत्यात नाही, काही प्रतींत तो लूकच्या शुभवर्तमानात कसा जाऊन बसतो, याची चौतीस पाने आणि एकशे बारा टिपा. प्राध्यापकांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. तो लिहिताना मोनाला तुळसामावशीची एकदाही आठवण झाली नव्हती. शनिवारी गावी जायला तिने धरलेली एसटी बारामतीकडे निघाली तेव्हा तिला भीती वाटत होती ती याचीच.

एक सोयीचे उत्तर तिच्याजवळ होते. जुन्या काळच्या एका धर्मगुरूने लिहून ठेवले आहे की, आपल्या बायका सोकावतील या धास्तीने काही पुरुषांनी ही गोष्ट प्रतींमधून काढून टाकली. मावशीला हे पटले असते, आवडलेही असते. पण पुराव्याचे पारडे दुसऱ्या बाजूला जड होते, आणि ते तसे आहे हे मोनानेच तळटीप क्रमांक सत्तरमध्ये सिद्ध केले होते. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रखडत होती. सणसरपर्यंत मोनाने ते सोयीचे उत्तर तीनदा मनात घोळवले आणि तिन्ही वेळा ते बाजूला सारले.

स्टँडवर धोंडीबातात्या फडक्यातले पुस्तक घेऊन उभे होते.

“उद्याचा उपदेश तुझ्या नावावर लावलाय,” ते म्हणाले. “आन तुळसाला आधी आन. तिची साक्ष ऐकून माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतलाय, म्हाईत हाय ना? ती तुटली तर मंडळीत ऱ्हातंय काय?”

मावशी दारात लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“आलीस? च्या चालंल का कॉलेजच्या मानसाला काफी लागती?”

“चहा द्या, मावशी.”

“दूध न्हाय. कोरा हाय.” मग पातेले चुलीवर ठेवता ठेवता ती म्हणाली, “बुडाचं बारकं बी वाचलंय मी. तीन दिस लागलं. त्या ‘हस्तलिखित’ला तर एक अख्खा दिस गेला. खरं हाय का ते? फिरवून सांगू नगंस.”

सोयीचे उत्तर मोनाच्या ओठांपर्यंत आले. ते तिने गिळले.

“खरं आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांत जुन्या प्रतींत ही गोष्ट नाही. नंतर कुणीतरी घातली.”

“कुनी?”

“कळत नाही.”

“का घातली?”

“तेही नक्की सांगता येत नाही. लोक तोंडी सांगत असतील. हरवू नये म्हणून घातली असेल.”

चहा उकळून आटत चालला तरी मावशीने पातेले उतरवले नाही. मोनाला वाटले, झाले. आपण हिचे घर पाडले. तेवढ्यात मावशीने विचारले, “ज्यानं मागनं घातली, त्याला पाप लागतं का गं?”

“म्हणजे?”

“मी बी घातलंय.”

मोना चुलीजवळ सरकली.

“कुनी हातातला दगड खाली टाकला न्हाय, मोने. नऊ जन व्हते. मी मोजले. खडीच्या कामावर दगडाला काय तोटा? पाळकसायबांनी पुस्तक उघडलंच न्हाय. वेळ कुठं व्हता? ते पळत आलं आन माझ्याम्होरं हुबं ऱ्हायलं. पयला दगड त्येंच्या कानामागं बसला. रगत बघून पांगली ती, पोलिसाच्या भ्यानं. वचन मला मागनं वाचून दावलं त्यांनी, टाकं पडल्यावर.”

“पण साक्षीत तुम्ही...”

“त्यांनीच सांगितलं, मी सायकलवरनं पडलो म्हन. न्हायतर केस हुभी ऱ्हाईल आन त्या गावातली आपली ख्रिस्ती चार घरं उठत्याल. मंग सनाला साक्ष दे म्हनले, तवा काय सांगू? बुकातलं सांगितलं. बाया रडल्या. फुडल्या साली पुन्ना तेच. वीस वर्सांनी मलाच वाटाय लागलं, तसंच झालंवतं.” तिने लसणाची टरफले ओंजळीत गोळा केली. “आन तुझ्या बुकात बघते, तर नेमकं तेवढंच कंसात. म्हटलं, वरती कळलं. आता कुठल्या तोंडानं सतरंजी अंथरू?”

मोनाला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही. मुलाखतीतले ते उत्तर, तीन वर्षांचा अभ्यास, सगळे ज्या साक्षीवर उभे होते तीच दुरुस्त केलेली प्रत निघाली होती. मंडळीच्या देवळातल्या तसबिरीत पाळकसाहेबांचा एकच कान दिसतो, हे तिला आठवले. हा काही पुरावा नव्हे, हेही तिने लगेच स्वतःला बजावले.

“उद्या हेच वाच,” मावशी म्हणाली. “बारकं बी वाच. फुडचं मी बोलते.”

“मावशी, तात्यांना काय वाटेल? लोक म्हणतील, इतकी वर्षं हिनं आपल्याला...”

“म्हनू दे की. मला काढायचं तर काढत्याल.” तिने चहाचा कप पुढे सरकवला. “तू तेवढी म्होरं हुबी ऱ्हा.”

रविवारी मोना पोहोचली तेव्हा सतरंज्या अंथरलेल्या होत्या, कडेला कड जुळवून. तिने कंसातली अकरा वचने वाचली आणि न थांबता तळाची टीपही वाचली. इथे तळटीप आजवर कुणी मोठ्याने वाचली नव्हती. तात्यांनी घसा खाकरला आणि घड्याळाकडे पाहिले. बायकांच्या बाजूला मावशी उठली. पदर सारखा करायला तिला फार वेळ लागला.

“नऊ जन व्हते,” ती म्हणाली, “आन कुनीबी हातातला दगड खाली टाकला न्हाय.”

तात्या बाकाला धरून उभे राहिले. “तुळसा, खाली बस.”

उपदेशाचे कागद मोनाने पुस्तकाखाली सरकवले, व्यासपीठाची पायरी ती उतरली, आणि तात्या व मावशी यांच्या मधे, सतरंजीच्या कडेवर, जाऊन उभी राहिली.

“सांगा, मावशी,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”